माहीतगाराची मिळकत

३ सप्टेंबर १६६२ रोजी लंडनमध्ये नौदलाच्या तीन जुन्या गलबतांचा लिलाव झाला. लिलाव मेणबत्तीवरचा होता. इंचभर मेणबत्ती पेटवायची, ती जळेपर्यंत बोल्या घ्यायच्या आणि ज्योत विझण्याआधी ज्याची बोली शेवटची असेल त्याच्या नावावर माल करायचा, असा तेव्हाचा रिवाज. साहजिकच सुरुवातीला सगळे तोंड मिटून बसत आणि ज्योत फडफडू लागली की एकच गलका उडे. त्या गलक्यात एका माणसाची बोली मात्र हमखास शेवटची ठरत होती. नौदलाच्या कचेरीतला अधिकारी सॅम्युअल पीप्स तिथे हजर होता. त्याने त्या माणसाकडून ही युक्ती जाणून घेतली आणि रोजनिशीत टिपून ठेवली. ज्योत विझायच्या क्षणी धूर खाली उतरतो. तो उतरताना दिसला की बोलायचे.

ऑनलाइन लिलावात जुन्या वस्तू घेऊन-विकून वरचे चार पैसे मिळवणाऱ्या आजच्या माणसाचा पूर्वज शोधायचा तर मला हाच माणूस आठवतो. त्या खोलीत बसलेल्या सगळ्यांपुढे मेणबत्ती तीच होती आणि माल तोच. बाकीचे ज्योतीकडे पाहत होते, हा धुराकडे पाहत होता. फेरविक्रीची मिळकत पहिल्यापासून अशाच एखाद्या बारीक माहितीवर उभी राहिली आहे. वस्तू काय आहे, ती कुणाला हवी आहे, बोली केव्हा लावायची, हे जो इतरांच्या आधी ओळखतो त्याचे पोट त्यावर भरते. आणि लिलावाचा इतिहास पाहिला तर तीच माहिती हळूहळू सगळ्यांना खुली होत गेलेली दिसते. या दोन गोष्टींची ओढाताण गेली दोन हजार वर्षे चालू आहे.

दोन हजार वर्षे हा आकडा सहज लिहिलेला नाही. १८७५ साली इटलीत पाँपेईच्या उत्खननात ल्युसियस सीसिलियस युकुंडस नावाच्या सावकाराचे घर उघडले गेले. तिथे एका पेटीत मेणाच्या दीडशेहून अधिक लाकडी पाट्या सापडल्या. त्यांतल्या बऱ्याच पाट्या म्हणजे लिलावाच्या पावत्या आहेत. विकणाऱ्याने 'माझ्या मालाचे पैसे पोचले' असे लिहून दिले आहे आणि खाली साक्षीदारांच्या मोहरा आहेत. सगळ्यांत जुनी पाटी इसवी सन १५ मधली, एका खेचराच्या विक्रीची. युकुंडसचा धंदा असा : लिलावात मध्यस्थी करायची, घेणाऱ्याच्या वतीने विकणाऱ्याला पैसे चुकते करायचे, घेणाऱ्याकडून ते सवडीने वसूल करायचे आणि मधल्या मध्ये आपली दलाली घ्यायची. विकणारा आणि घेणारा यांची एकमेकांशी ओळख असायची गरज उरत नव्हती, कारण दोघांची ओळख युकुंडसशी होती. पुढे कॅलिफोर्नियात इबे हा संगणकावरचा लिलावाचा बाजार उभा राहिला, त्यातला पैशांचा भाग या पाट्यांमध्ये जवळजवळ पूर्ण दिसतो, आणि म्हणून मला त्या राजेरजवाड्यांच्या लिलावांपेक्षा मोलाच्या वाटतात.

लंडनचा चहाचा लिलाव १६७९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने सुरू केला आणि तो २९ जून १९९८ पर्यंत चालला. सदबीज १७४४ ची, ख्रिस्तीज १७६६ ची. या पेढ्यांनी श्रीमंतांची चित्रे, दागिने आणि ग्रंथ विकले. त्यांच्या इतिहासात जोडउत्पन्न शोधणारा माणूस फारसा भेटत नाही. तो भेटतो टपालतिकिटांच्या व्यवहारात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत तिकिटांचे व्यापारी छापील याद्या काढून पत्राने बोल्या मागवू लागले. संग्राहक शेकडो मैलांवर राहायचा, त्याला लिलावाच्या खोलीत येणे परवडणारे नव्हते. मग काही व्यापाऱ्यांनी एक सुंदर नियम केला : तुम्ही तुमची जास्तीत जास्त रक्कम पत्रात लिहून पाठवा, माल तुमच्याकडे आला तरी तुम्हाला द्यावी लागेल ती तुमच्या खालोखालच्या बोलीहून जराशी जास्त एवढीच रक्कम. म्हणजे खरी किंमत लिहायला घाबरायचे कारण उरले नाही.

हा नियम विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली गणिताने मांडला, आणि अर्थशास्त्रात त्याच्याच नावाने तो ओळखला जातो. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला नोबेल जाहीर झाले आणि तीन दिवसांत तो वारला. पुढे इबेवर रोज हजारो माणसे, विकरीचे नावही न ऐकता, त्याच नियमाने बोल्या लावू लागली. समजा, एका जुन्या कॅमेऱ्यासाठी तुम्ही ७५ डॉलरपर्यंत जायला तयार आहात आणि दुसरा कुणी ६० पर्यंत. तुम्ही यंत्राला ७५ सांगून ठेवता, तो ६० सांगतो. यंत्र तुमच्या वतीने बोली चढवत जाते आणि ६१ वर थांबते. तुमचे ७५ कुणाला दिसत नाहीत.

इथे आपल्या मुलखातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण माहिती लपवली की काय होते ते आपल्या शेतकऱ्याइतके कुणी भोगलेले नाही. मोंढ्यात पूर्वी सौदा व्हायचा तो हत्त्यावर. अडत्या आणि खरेदीदार एकमेकांचा हात धरत, वर उपरणे किंवा रुमाल टाकत आणि बोटे दाबून भाव ठरवत. मालाची गाडी ज्याची तो शेतकरी शेजारीच उभा; पण रुमालाखाली काय ठरले ते त्याला समजत नसे. दुसऱ्या खरेदीदाराने किती दाबले हे तिसऱ्यालाही कळत नसे. वऱ्हाडात कारंज्याला १८८६ मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला, मुंबई प्रांताचा कायदा १९३९ चा आणि महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा. या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी एक साधी मागणी होती : बोली तोंडाने बोला, सगळ्यांना ऐकू येईल अशी बोला. लासलगावला आज कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगांतून व्यापाऱ्यांचा घोळका मोठ्याने भाव पुकारत पुढे सरकतो. कांदेवाल्याचे दुःख त्याने संपले असे कुणी म्हणणार नाही. पण आपल्या मालाला कुणी किती म्हटले हे त्याला कानांनी ऐकू येते, आणि हा हक्क मिळवायला आपल्याकडे पाऊण शतक गेले.

आणि आपल्याकडची फेरविक्री म्हणाल तर ती दारावर येणाऱ्या बोहारणीने पोसली. जुने कपडे घ्यायचे आणि त्यावर भांडे द्यायचे. ती ओट्यावर बसून प्रत्येक कपडा उलगडायची, उजेडाकडे धरून विरलेली जागा पाहायची, काठ बोटांत चोळायची. सुती धोतरावर तिचे डोळे थांबत नसत. जरीच्या लुगड्यावर थांबत. घरातल्या बाईला ते लुगडे म्हणजे फाटके वस्त्र. बोहारणीला ठाऊक असायचे की खरी जर असेल तर ती जाळून चांदी निघते आणि त्या चांदीला सराफ पैसे देतो. एका पातेल्याच्या आणि त्या चांदीच्या किमतीत जे अंतर, ती तिची मिळकत. उन्हातान्हात डोक्यावर पाटी घेऊन ही बाई जे करत होती त्याला मी व्यापारातली अव्वल दर्जाची पारख म्हणेन.

घेतलेली वस्तू पुन्हा विकण्याचा हक्क आपण गृहीत धरतो, तो मात्र कोर्टात जाऊन पक्का करावा लागला. १९०४ मध्ये अमेरिकेत बॉब्ज-मेरिल या प्रकाशकाने एका कादंबरीत छापले की ही एक डॉलरपेक्षा कमी किमतीत विकणे म्हणजे स्वामित्वहक्काचा भंग. मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटना विकली. १९०८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : प्रकाशकाने प्रत एकदा विकली की तिच्या पुढच्या विक्रीवर त्याचा ताबा संपला. रद्दीवाल्यापासून इबेवरच्या विक्रेत्यापर्यंत अमेरिकेतले सगळे जुन्या पुस्तकांचे व्यवहार या निकालाच्या आधाराने चालत आले.

या निकालाला शंभर वर्षांनी धक्का लागू पाहत होता, तोही एका जोडउत्पन्न कमावणाऱ्या विद्यार्थ्याच्या निमित्ताने. सुपाप किर्तसेंग हा थायलंडचा मुलगा १९९७ मध्ये शिकायला अमेरिकेत गेला. आशियासाठी छापलेली पाठ्यपुस्तके मायदेशी फार स्वस्त मिळतात हे त्याला माहीत होते. पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तके घेतलेल्या आपल्या मुलांनाही ती ओळखीची आहेत : पातळ कागद, मऊ पुठ्ठा, आणि मलपृष्ठावर 'अमुक देशांबाहेर विक्रीस मनाई'. किर्तसेंगने घरच्यांना ती घ्यायला सांगितले, अमेरिकेत मागवली आणि इबेसारख्या ठिकाणी विकली. जॉन वायली या प्रकाशकाने २००८ मध्ये खटला भरला आणि ज्यूरीने किर्तसेंगला सहा लाख डॉलरची भरपाई ठोठावली. पण १९ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल फिरवला : प्रत कायदेशीर छापलेली असेल तर ती कुठल्या देशात छापली याने फरक पडत नाही, घेणाऱ्याला ती विकता येते. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. तो उलटा गेला असता तर परदेशात बनलेली कुठलीही पुस्तके, गाण्याच्या तबकड्या, खेळणी पुन्हा विकायला काढताना तिथल्या माणसाला खटल्याची भीती राहिली असती.

आता इबे. १९९५ च्या सप्टेंबरमध्ये सॅन होझेला पिएर ओमिदियार या अठ्ठावीस वर्षांच्या संगणकतज्ज्ञाने सुट्टीच्या दिवसांत 'ऑक्शनवेब' नावाचे पान तयार केले. पहिली वस्तू होती त्याचा स्वतःचा बिघडलेला लेझर पॉइंटर, आणि तो १४.८३ डॉलरला गेला. घेणाऱ्याला तो बिघडलेला आहे हे नीट माहीत होते. त्याला बिघडलेलेच पॉइंटर जमवायचे होते. होणाऱ्या बायकोच्या पेझ गोळ्यांच्या डब्यांसाठी ओमिदियारने हे सुरू केले ही प्रसिद्ध कथा मात्र कंपनीच्या प्रसिद्धी विभागाने रचलेली होती. लेझर पॉइंटरची खरी हकिगत तिच्याहून कितीतरी बोलकी आहे. एकाच्या घरातली निरुपयोगी वस्तू जगाच्या पाठीवर कुणाला तरी हवी असते, अडचण फक्त त्या दोघांची गाठ पडण्याची, हे त्या १४.८३ डॉलरमध्ये सिद्ध झाले.

गाठ पडली तरी विश्वासाचे काय? युकुंडसची जागा रिकामी होती. सुरुवातीला घेणारा टपालाने धनादेश पाठवायचा, तो वटला की विकणारा माल रवाना करायचा, आणि मधले दिवस दोघेही काळजीत. १९९६ च्या फेब्रुवारीत ओमिदियारने अभिप्रायाची सोय केली : प्रत्येक व्यवहारानंतर दोघांनी एकमेकांविषयी चांगला-वाईट शेरा लिहायचा आणि तो सगळ्यांना दिसायचा. गावात माणसाची पत जशी तोंडातोंडी पसरते तशी ती आता आकड्यात दिसू लागली. पैशांची बाजू पेपालने सांभाळली. २००२ मध्ये इबेने ती कंपनीच दीड अब्ज डॉलरला घेतली.

मग बहर आला. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी घरोघरच्या अंगणविक्रीत फिरणारे, गुडविलसारख्या धर्मादाय दुकानांतून चार-सहा डॉलरला भांडी, कोट, बाहुल्या उचलणारे लाखो लोक अमेरिकेत तयार झाले. २००५ मध्ये इबेने एसीनिल्सनकडून करवून घेतलेल्या पाहणीत ७ लाख २४ हजार अमेरिकी लोकांनी इबे हे आपले मुख्य किंवा दुय्यम उत्पन्नाचे साधन असल्याचे सांगितले. यात म्हातारे होते, घरात लहान मूल असलेल्या बाया होत्या, कारखाना बंद पडलेले कामगार होते. त्या लोकांविषयी मला आदर आहे. चिनी मातीच्या बशीच्या पाठीवरचा शिक्का वाचून ती कुठल्या कारखान्याची आणि साधारण कुठल्या दशकातली हे ओळखणे काही एका दिवसात येत नाही.

पीप्सचा धूर पाहणारा माणूसही इथे पुन्हा अवतरला. इबेचा लिलाव ठरलेल्या सेकंदाला संपतो, त्यामुळे शेवटच्या क्षणी बोली टाकून इतरांना उत्तर द्यायला वेळच न ठेवण्याची पद्धत पडली. पुढे नोबेल मिळवलेला अल्विन रॉथ आणि त्याचा सहकारी अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये यावर निबंध प्रसिद्ध केला. अ‍ॅमेझॉनही त्या काळी लिलाव चालवत असे. तिथे शेवटच्या घटकेला बोली आली की मुदत आपोआप वाढायची. तिथे अशा शेवटच्या क्षणीच्या बोल्या इबेच्या मानाने फारच कमी आढळल्या. म्हणजे लबाडी माणसात कमी आणि मेणबत्तीच्या नियमात जास्त होती.

ओहोटीची कारणे बहरातच होती. इबेवर 'विकल्या गेलेल्या वस्तू' आणि त्यांच्या किमती कुणालाही पाहता येतात. बशीचा शिक्का वाचायला जे कौशल्य लागायचे त्याचा बराच भाग फोनच्या कॅमेऱ्याने घेतला. पुस्तकाच्या बारकोडवर फोन धरला की भाव समोर. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीच्या गुडविलने स्वतःचेच लिलावाचे संकेतस्थळ काढले. जिथून माल स्वस्त मिळायचा ते दुकानच शहाणे झाले. २००० मध्ये इबेने ठरलेल्या किमतीला लगेच विकत घेण्याची सोय आणली आणि हळूहळू तिथली बहुतेक विक्री त्याच मार्गाने होऊ लागली. लिलाव उरला तो मुख्यतः ज्यांची किंमत आधी सांगता येत नाही अशा वस्तूंपुरता, आणि लिलावाच्या मूळच्या स्वभावाला धरूनच ते झाले.

हिशेबही तपासून पाहावा. सहा डॉलरला घेतलेला काचेचा बाउल ४० डॉलरला गेला. इबेचे शुल्क तेरा टक्क्यांच्या घरात, म्हणजे पाच-साडेपाच डॉलर. बुडबुड्यांचा कागद, खोका, चिकटपट्टी यांचा दीड डॉलर धरा. टपालखर्च घेणाऱ्याने दिला तरी हाती सत्तावीस उरले. त्यातून जाण्यायेण्याचे पेट्रोल, फोटो, वर्णन, मोजमाप, बांधणी, टपालकचेरीची खेप आणि न विकलेले, तडकलेले, परत आलेले बाउल वजा करायचे. जो हे वजा करत नाही त्याला उलाढाल हीच कमाई वाटते.

भारतात हा प्रयोग मुंबईत झाला. २००० साली बाझी डॉट कॉम सुरू झाले, २००४ मध्ये इबेने ते सुमारे पाच कोटी डॉलरला घेतले. 'पैसापे' या त्यांच्या सोयीत घेणाऱ्याचे पैसे मध्यस्थाकडे थांबत आणि माल पोचल्यावर विकणाऱ्याला मिळत. युकुंडस मुंबईला पोचला तो असा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एका विक्रेत्याने तिथे मांडलेल्या अश्लील चित्रफितीवरून बाझीच्या मुख्याधिकाऱ्याला दिल्लीत अटक झाली. दुसऱ्याने मांडलेल्या मालाची जबाबदारी बाजार चालवणाऱ्यावर किती, हा प्रश्न त्यातून देशापुढे आला आणि २००८ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यात मध्यस्थांविषयीचे कलम बदलले गेले. लिलावाची गोडी मात्र इथे फार काळ टिकली नाही. आपल्या ग्राहकाला नवा माल, ठरलेली किंमत आणि दारात रोख पैसे हे जास्त पटले. २०१७ मध्ये इबेने भारतातला धंदा फ्लिपकार्टकडे सोपवला आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये इबे इंडिया बंद झाले. नाणी, नोटा, तिकिटे यांच्या संग्राहकांचे लिलाव आजही व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकच्या गटांवर चालतात, आणि तिथे विश्वासाचा कारभार पुन्हा ओळखीवर आला आहे.

या वाटेने कुणाला जायचे असेल तर त्याने एकच प्रकार निवडावा, जो त्याला आतून ठाऊक आहे : फाउंटन पेने असोत, जुन्या नाट्यगीतांच्या तबकड्या असोत, शिलाई यंत्रांचे सुटे भाग असोत. सगळ्या मालावर हात टाकणाऱ्याची माहिती फोनएवढीच असते, आणि फोन सगळ्यांकडे आहे. घरातली जुनी वस्तू परदेशी गिऱ्हाइकाला विकण्याआधी १९७२ चा पुराणवस्तू कायदा वाचावा. शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी मोलाची हस्तलिखिते खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पणजोबांच्या पेटीतली शिवराई त्यात आली. आणि 'तुमच्या जुन्या पाचच्या नाण्याचे लाखो रुपये मिळतील' असा निरोप आला तर त्यासाठी शुल्क म्हणून एक पैसाही भरू नका. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि तिच्या वतीने शुल्क किंवा कमिशन घेण्याचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही.